पडलेला खटका काय सांगतो?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसांनी बोअरच्या मोटरवर काय बोलावं, असं काहींना वाटत असेल. पण कार्यावरून कारण ओळखणं हा आमचा जुनाच धंदा. धूर दिसला म्हणजे आग आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण आपल्याला पाठ असतं. पडलेल्या खटक्याचं मात्र तसं नाही. त्यामागे एकच कारण नसतं, चार-पाच असू शकतात. त्यातलं कोणतं हे न बघता आपण खटका वर ढकलत राहिलो, तर मोटर जळते, आणि कधी जिवावरही बेततं.

आधी एमसीबी का पडतो ते पाहू. त्याच्या पोटात दोन राखणदार असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. ठरल्यापेक्षा जास्त करंट वाहत राहिला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. तिला थोडा वेळ लागतो. दुसरी चुंबकीय गुंडाळी. शॉर्ट सर्किट झालं की ती क्षणात काम करते.

म्हणून पहिला प्रश्न : खटका किती वेळानं पडला? मोटर सुरू करताच पडला, तर केबलमध्ये, जोडात किंवा वाइंडिंगमध्ये शॉर्ट असल्याची शंका घ्यावी. मोटर नुसती गुणगुणली आणि मग पडला, तर सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर गेलेला असू शकतो. काही मिनिटं चालून पडला, तर व्होल्टेज कमी असेल, पंपात वाळू अडकली असेल, किंवा थ्री फेजमधला एक फेज गेला असेल. आणि शेजारचा आरसीसीबी पडला असेल, तर करंट कुठंतरी जमिनीत गळतोय. तिथं पुन्हा प्रयत्न करूच नये, वायरमनला बोलवावं.

आता हात लावण्यापूर्वीचं बघा. शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येते. अंधार, खाली चिखल, पाय ओले. अशा वेळी घाई नको. हात कोरडे, पायात कोरडी रबरी चप्पल, उभं राहायला कोरडी फळी, आणि बॅटरीचा उजेड. पेटीतून जळका वास आला, धूर दिसला, आत पाणी गेलेलं असलं, किंवा पेटीला झिणझिण्या येत असल्या, तर तिथूनच मागं फिरायचं.

सगळं ठीक दिसलं, तर आधी ऑटो स्विच आणि स्टार्टर बंद करायचे. हे विसरलं जातं. ऑटो चालू राहिला तर खटका वर जाताच मोटर आपोआप सुरू होते. मग पट्टी थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. काही खटके मध्येच अडकतात, म्हणून आधी पूर्ण खाली दाबायचा, मग बाजूला उभं राहून एका हातानं वर करायचा. स्टार्टर बंद असतानाच पडला, तर दोष अलीकडच्या वायरिंगमध्ये किंवा स्टार्टरमध्ये. टिकला, तर स्टार्टर लावून बघायचं.

हे एकदाच. खटका वर करणं म्हणजे प्रश्न विचारणं आहे. पुन्हा पडला म्हणजे उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा वर करणारा माणूस प्रश्न विचारत नसतो, हट्ट करत असतो, आणि दर वेळी तो जोराचा करंट त्याच वायरमधून जातो.

काही जण मग 16 अँपिअरच्या जागी 32 चा एमसीबी बसवतात. खटका पडायचा थांबतो, हे खरं. पण वायर तीच राहते. आता तापते ती वायर, आणि सांगणारं कोणी उरत नाही. फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचाच हा नवा अवतार.

शेवटी उलट बाजूही ध्यानात ठेवू. खटका पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बोअरचं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा चालला, तर करंट वाढत नाही, उलट कमी होतो. एमसीबी गप्प बसतो. सबमर्सिबल मोटर मात्र भोवतीच्या पाण्यानंच थंड होत असते, त्यामुळं ती आतून जळते. त्यासाठी ड्राय रनचं वेगळं संरक्षण स्टार्टरमध्ये बसवून घ्यावं लागतं. उन्हाळ्याआधी वायरमनकडून ते आणि अर्थिंग, दोन्ही तपासून घेऊ या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.