धानाच्या बांधींत जीवशास्त्राचा वर्ग

दरवर्षीं मृगाच्या सुमारास शेताची धांदल सुरू होते आणि पाठोपाठ महाविद्यालयांचेंही सत्र सुरू होतें. आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील कित्येक शेतकऱ्यांचीं मुलेंमुली त्या वेळीं विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्गांत जाऊन बसतात. फी, खोलीचें भाडें, पुस्तकें, एस. टी.चा पास हा सारा खर्च बहुधा धानाच्याच पैशांतून निघतो. तेव्हां तो करणाऱ्या बापानें, मुलाला जीवशास्त्र म्हणून तेथें काय शिकवितात, हें विचारणें मुळींच गैर नाहीं.

पहिल्या वर्गाचा पाठ पिढ्यानुपिढ्या एका ठराविक चाकोरींतून चालत आला आहे. प्राण्यांत हायड्रा, गांडूळ, झुरळ. वनस्पतींत शेवाळ, नेचे व चीड. चिडाचें लांकूड आडवें कापून त्याची आकृति वहींत उत्तम काढणारा विद्यार्थी आपल्या बोडींतील देवधान आणि बांधींतील धान यांत भेद सांगूं शकत नाहीं, असा अनुभव पुष्कळांना येतो. चीड हा हिमालयाचा वृक्ष. आपल्या चुलबंदेच्या किंवा बाघेच्या कांठीं तो आपोआप उगवत नाहीं. चीड शिकवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जगांतील वनस्पतींचा क्रम समजण्यास तो लागतोच. परंतु दूरचें झाड नमुना म्हणून चालतें आणि जवळचें चालत नाहीं, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो.

यावर कोणी म्हणेल कीं, ही गोष्ट शिक्षणखात्यास ठाऊक नाहीं काय? ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानें 1991 सालीं पर्यावरणाचें शिक्षण द्यावें असा आदेश दिला व 2003 सालीं त्याच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हां बजावलें. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें सर्व शाखांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांकरितां एक सक्तीचा अभ्यासक्रम आंखून दिला. त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनीं लिहिलें. त्या अभ्यासक्रमाचा शेवटला भाग सर्वस्वीं क्षेत्रकार्याचा होता: आसपासची नदी, रान किंवा गवताळ जागा पाहून तिची नोंद करणें; नेहमींच्या वनस्पती, किडे व पक्षी ओळखणें; तळें, ओढा, टेंकडीचा उतार यांचा अभ्यास करणें. त्यासाठीं नेमलेला वेळ पांच तासांइतका. पांच तासांत नवेगांवबांधाची प्रदक्षिणाही नीट होणार नाहीं! तरीही दार उघडलें गेलें, हें खरें. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पास व समाजसंपर्कास श्रेयांकही मिळूं लागले आहेत. दार उघडें असून कोणी बाहेर पाऊल टाकीत नसेल, तर तें टाकावयास लावणें आपल्याही हातांत आहे.

विद्यार्थ्यानें आपल्याच गांवीं काय पाहावें, याचा एक नमुना म्हणून गादमाशी घेऊं. पूर्व विदर्भांतील धानकऱ्यास ही कीड सांगावयास नको. ढगाळ, दमट हवा पडली आणि रोवणी लांबली कीं ती हमखास येते. परंतु तिचें चरित्र कितीकांस ठाऊक आहे? माशी डासाएवढी, तांबूस, रात्रीं हिंडणारी. तिनें घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी दवानें ओल्या झालेल्या पानाच्या बेचक्यांतून सरपटत फुटव्याच्या कोंभापर्यंत पोंचते व तेथें बसून खाऊं लागते. अळीच्या उपद्रवानें त्या कोंभाची वाढ बिघडते आणि पानाऐवजीं कांद्याच्या पातीसारखी एक पोकळ, रुपेरी नळी वर येते. तोच चंदेरी पोंगा. त्या फुटव्यास लोंबी कधींच धरत नाहीं. म्हणजे पोंगा दिसला त्या वेळीं त्या फुटव्याचें नुकसान होऊन चुकलेलें असतें. मग त्यावर फवारा मारून तो फुटवा परत मिळत नाहीं.

येथवर पुस्तकी माहिती झाली. आतां प्रयोग पाहा. भाद्रपदांत विद्यार्थ्यानें बांधींतून न फुटलेले पन्नास पोंगे उपटून आणावेत, कांचेच्या बरणींत थोड्या ओलाव्यांत ठेवावेत व तोंडाला मलमलीचें फडकें बांधावें. कांहीं दिवसांनीं बरणींत दोन प्रकारचे जीव दिसतील. कांहीं पोंग्यांच्या टोंकाशीं छिद्र पाडून तांबूस माशी बाहेर येईल. कांहींतून मात्र माशी न निघतां अतिशय बारीक, काळ्या गांधीलमाश्यांचा थवाच्या थवा निघेल. ही प्लॅटिगॅस्टर ओरायझी. ती आपलें अंडें गादमाशीच्या अंड्यांत घालते. त्या एका अंड्याचे पुढें अनेक जीव होतात व ते सर्व मिळून गादमाशीची अळी आंतून खाऊन टाकतात. पन्नासांतील किती पोंग्यांत माशी निघाली आणि किती पोंग्यांत हा मित्रकीटक निघाला, एवढें मोजलें कीं त्या बांधीचा हिशेब हातीं येतो. मित्र बहुसंख्य असतील तर त्या वेळीं विषारी फवारा मारणें म्हणजे आपल्याच राखणदारास मारणें होय. असे परोपजीवीग्रस्त पोंगे, रोवणीनंतर दर दहा चौरस मीटरांस एक या प्रमाणानें, दुसऱ्या शेतांत सोडण्याची शिफारसही विदर्भांतील धानासाठीं झालेली आहे. एक बरणी, एक फडकें आणि आठवडाभर धीर, एवढ्या साहित्यांत अंडें, अळी, कोष, परोपजीवन, अन्नसाखळी हे पहिल्या वर्षाचे सारे धडे पुरे होतात. आणि मुलानें घरीं येऊन सांगितलेल्या आंकड्यानें बापाचे औषधाचे पैसे वाचूं शकतात.

बेडकाविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. जीवशास्त्राच्या वर्गांत बेडूक पूर्वीं टेबलावर उताणा टांचलेलाच भेटत असे. त्याच काळांत बेडकांचे पाय परदेशीं पाठविण्याचा व्यापार जोरांत होता. 1987 सालीं हिंदुस्थान सरकारनें ती निर्यात बंद केली. विच्छेदनही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2011 व 2014 च्या सूचनांनंतर बंद पडत गेलें. आतां बेडूक पाहावयाचा तर तो जिवंत, बांधींत, पहिल्या पावसाच्या रात्रीं पाहावा. तेथें तो किडे खातांना दिसेल, जें टेबलावर कधींच दिसलें नाहीं.

बांधीहून मोठा वर्ग म्हणजे तलाव. आपले बहुतेक जुने तलाव कोहळी व इतर मालगुजारांनीं बांधविले. 1951 सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले व त्यांस माजी मालगुजारी, अर्थात् ‘मामा तलाव’ असें नांव पडलें. पाणी कोणाचें, पाटाची दुरुस्ती कोणी करावयाची, हा वाद आम्हीं या पत्रांतून येथें उकरीत नाहीं. जीवशास्त्राच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, गाळ सांचला, कडेनें बेशरम माजली, पाण्यांतील मूळच्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आश्रयानें वाढणारे देशी मासेही कमी झाले. कटला, रोहू, मृगळ यांचें बीज विकत आणून सोडलें म्हणजे तलाव भरला असें मानणें चूक होय. अर्जुनी-मोरगांव भागांत ढिवर मच्छीमारांनीं भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाच्या साहाय्यानें निराळा मार्ग धरला. त्यांनीं बेशरम उपटली, उन्हाळ्यांत उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर मूळच्या पाणवनस्पती लाविल्या. मासे वाढले, पक्षीही परतले. कोणती वनस्पती किती खोल पाण्यांत लागते, कोणता मासा कोणत्या पानाखालीं अंडीं घालतो, हें ज्ञान ढिवरांच्या घरांत होतें. महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत नव्हतें. विद्यार्थ्यानें वही घेऊन ढिवराच्या डोंग्यांत बसावें, यांत कमीपणा कसला?

हा मार्ग नवा नाहीं. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (2025 सालीं दिवंगत) नवेगांवबांधास असतांना, तेथील पक्षी जाणण्यांत त्यांचे सोबती होते गांवचेच जमीनदार माधवराव पाटील डोंगरवार. पुढें चितमपल्लींनीं मराठींत ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. शेतकरी शिकवितो आणि शिकलेला अधिकारी लिहून घेतो, हें आपल्याच जिल्ह्यांत घडलें आहे.

सारसाची गोष्ट तर आपल्या दाराशीं आहे. महाराष्ट्रांत हा उंचापुरा पक्षी मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे व त्याची संख्या अगदीं थोडी आहे. जोडपें पावसाळ्यांत तलावाच्या कांठीं किंवा थेट बांधींत, पाण्यांत गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडीं घालतें. नर व मादी दोघेंही आळीपाळीनें सुमारें महिनाभर तीं उबवितात. घरट्यापुरतें धान मोडतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तेवढें सोसून घरट्याची राखण करणारे शेतकरीही आपल्यांत आहेत, आणि ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर राबतात. घरटें केव्हां झालें, पाणी किती होतें, पिल्लूं केव्हां निघालें, शेजारच्या बांधींत कोणतें औषध पडलें, या नोंदी शेताच्या धन्यावांचून दुसऱ्या कोणास नीट ठेवतां येणार नाहींत. त्याचा मुलगा प्राणिशास्त्राच्या वर्गांत असेल तर त्यास हाच प्रकल्प का मिळूं नये?

अशा नोंदींस कायद्यांतही स्थान आहे. जैविक विविधता कायदा 2002 अन्वयें प्रत्येक ग्रामपंचायतींत व्यवस्थापन समिति व लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. ती आपल्या ग्रामपंचायतींत मागून पाहावी. तींत गांवच्या धानाचे जुने वाण, बोडींतील मासे, मोहाचीं झाडें आहेत कीं शेजारच्या गांवची यादी उतरली आहे, हें पांच मिनिटांत कळेल. उणें असेल तें भरावयास महाविद्यालयाचा वर्ग बोलवावा.

बोलवितांना अटीही स्पष्ट सांगाव्या. धान निसवूं लागल्यावर बांधींत टोळी उतरवूं नये, धुऱ्यावरूनच पाहावें. सारसाच्या घरट्याजवळ जाऊं नये, फोटोसाठीं तर नाहींच. उपटलेले पोंगे मोजून न्यावेत. सर्पदंशाची भीति असल्यानें बूट घालून यावें. आणि लिहिलेल्या प्रकल्पाची एक प्रत मराठींत शेतमालकास द्यावी. महाविद्यालयाचें पहिलें सत्र व आपला खरीप बरोबरच चालतात: आषाढांत रोवणी व बेडूक, श्रावण-भाद्रपदांत पोंगे व सारसाचीं घरटीं, आश्विनांत लोंब्या व उतरत्या पाण्यांतील मासे. हिवाळ्यांत बाहेरचीं बदकें तलावांवर येतात, तीं दुसऱ्या सत्राला पुरतील. ज्या वाचकांच्या बांधी किंवा बोड्या महाविद्यालयाच्या वाटेवर आहेत, त्यांनीं रोवणीपूर्वीं आपल्या मुलामार्फत वनस्पति व प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस तसें कळवावें.