जुन्या गाडीच्या एसीचं लिकेज: शोधायचं कसं आणि त्याचे पैसे घ्यायचे कसे



व्हिडिओत मी गेज लावून, टॉर्च मारून लिकेज शोधून दाखवलं. पण कुठली पद्धत कधी वापरायची आणि त्यामागचा हिशोब काय, हे व्हिडिओत नीट बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कार एसीचं दुकान टाकायच्या विचारात असाल तर शांतपणे वाचा.

एप्रिल-मे मध्ये दहा-बारा वर्षं जुन्या गाड्या दुकानात येतात आणि मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "गॅस संपलाय, भरून द्या." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच गॅस गोल फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. रबरी होजमधून आणि सीलमधून तो वर्षानुवर्षं थोडा थोडा जातोच, त्यामुळे चार-पाच वर्षांनी कूलिंग कमी वाटलं तर नवल नाही. पण मागच्या महिन्यात भरलेला गॅस आज नसेल, तर भोक आहे. ते न शोधता पुन्हा गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आता हिशोब बघा. समजा तुम्ही गॅस भरायचे १,५०० रुपये घेतले. वीस दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं, "अहो, कालच तर भरला होता!" तुम्ही भांडण नको म्हणून फुकट भरून दिला. गॅस गेला, व्हॅक्यूमचा अर्धा-पाऊण तास गेला, भर सीझनमध्ये जागा अडली. पहिल्या कामातला नफा तिथेच संपला. शिवाय गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं. तेल कमी झालं की कॉम्प्रेसर जाम होतो, आणि शेवटचा हात तुमचा लागलेला असल्यामुळे नाव तुमचंच येतं.

म्हणून गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी एक प्रश्न विचारा: "गॅस शेवटचा कधी भरला होता?" या उत्तरावर पुढची पद्धत ठरते.

दोन-चार दिवसांत गेला असेल तर लिकेज मोठं आहे. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या आणि नायट्रोजन भरा, साधारण १५० पीएसआयपर्यंत. भरलेल्या सिलिंडरमध्ये २,००० पीएसआयच्या वर दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय हात लावायचा नाही. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी संबंध आला की स्फोट होतो. टायरची हवासुद्धा नको, तिच्यातून ओलावा आत जातो आणि दाबाखाली हवा व गॅस यांचं मिश्रण पेटू शकतं. मग भांडी घासायच्या लिक्विडचं घट्टसर पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, बारीक लिकेजला पांढरा फेस हळूहळू जमतो. रात्रभर प्रेशर ठेवलंत तर तापमान लिहून ठेवा. १० अंशांनी थंडावा वाढला की काटा पाचेक पीएसआय आपोआप खाली येतो, ते लिकेज नव्हे.

दोन-तीन महिन्यांत गेला असेल तर साबण बहुतेक वेळा काही सांगत नाही. इथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो. गाडी बंद, दुकानातले पंखे बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून टोक जोडाच्या खालच्या बाजूने फिरवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून जोरात नाही. पेट्रोलची वाफ किंवा ब्रेक क्लीनरवरही काही डिटेक्टर ओरडतात. त्यामुळे एकाच जागी तीन वेळा वाजल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला काही सांगत नाही.

आणि एखादा उन्हाळा निघून दुसऱ्यात त्रास सुरू झाला असेल तर यूव्ही डाय. बाटलीवर दिलेल्या मापातच टाका, गाडी आठ-दहा दिवस वापरायला द्या, मग अंधाऱ्या जागी पिवळा चष्मा लावून टॉर्च मारा. घाईच्या गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं, पण पर्याय नसतो.

यंत्र काढायच्या आधी डोळे वापरा. जिथून गॅस जातो तिथे तेल येतं आणि तेलावर धूळ बसते. तेलकट काळा डाग दिसला की अर्धं काम झालं. बघायच्या जागा: कंडेन्सरचा पुढचा भाग (दगड लागतात, चिखल साचतो), होजचे दाबलेले जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचं शाफ्ट सील, आणि गॅस भरायच्या जागेतली पिन. ही पिन अगदी स्वस्तातली वस्तू आहे, आणि तिच्यावरचं टोपण हरवलेल्या गाड्या खूप येतात. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत शाफ्ट सील आधी बघा, तेल न फिरल्याने ते कोरडं पडतं.

गेजबद्दल एक गैरसमज नवीन मुलांमध्ये हमखास असतो. गाडी बंद आणि थंड असताना, ३० अंशांना आर-१३४ए गॅसचा दाब ९५ ते १०० पीएसआय दिसतो. आत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोवर काटा तिथेच. घरचा सिलिंडर आठवा, संपत आला तरी शेगडी शेवटपर्यंत तशीच पेटते, वजन केल्यावरच कळतं. एसीचंही तसंच. गॅस काढून वजन करा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून बघा.

व्हॅक्यूम टिकला म्हणजे लिकेज नाही, हेही खरं नाही. व्हॅक्यूममध्ये फरक फक्त एका वातावरणाचा असतो, तोही बाहेरून आत. चालू एसीत दाब त्याच्या दहापट-पंधरापट आणि आतून बाहेर. (पुण्यात काटा ३० इंचांना टेकत नाही म्हणून पंप बदलू नका. साडेपाचशे मीटर उंचीवर तो २८ च्या आसपासच थांबणार.)

सगळ्यात अवघड जागा कूलिंग कॉइल, कारण ती डॅशबोर्डच्या आत असते आणि दिसत नाही. गाडी बंद करून, काचा लावून पंधरा मिनिटं थांबा. मग पाणी बाहेर येणाऱ्या ड्रेन पाइपाशी डिटेक्टर धरा, टोकाला पाणी लागू देऊ नका. वाजला तर लगेच डॅशबोर्ड उतरवायची भाषा करू नका. आधी बाकी सगळे जोड तपासून बाद करा. कारण हे दिवसभराचं काम आहे, आणि लाखभर किमतीच्या गाडीला हा खर्च करायचा की नाही, हा निर्णय मालकाचा आहे. त्याला डिटेक्टरचा आवाज स्वतः ऐकवा, कॉइल, ड्रायर, ओ-रिंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्या. "नको" म्हणाला तर टेस्टिंगचे पैसे घ्या आणि गाडी सोडा. लिकेज बंद करणारं केमिकल टाकून वेळ मारून नेऊ नका, ते ओलाव्याशी आलं की घट्ट होतं आणि पुढे तुमचंच रिकव्हरी मशीन तुंबवतं.

टेस्टिंगचा चार्ज पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा आणि काम सुरू करायच्या आधी सांगा. आमच्याकडे दुरुस्ती आमच्याकडेच केली तर तो बिलातून वजा होतो. वॉरंटी देताना "एसीची वॉरंटी" असं लिहू नका, जो जोड किंवा पार्ट बदलला त्याचं नाव लिहा. जुन्या गाडीत एक ओ-रिंग बदलली की सहा महिन्यांनी दुसरी जाऊ शकते. जॉब कार्डवर तारीख, किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला आणि लिकेज कुठे सापडलं, या चार गोष्टी लिहा, आणि गिऱ्हाइकाची सही घ्या.