उष्णतेला पोकळी, आवाजाला वजन

मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे गेली ती 1900 च्या सुमारास. त्याआधी मुंबईहून वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगावला उतरायचा आणि पुढचा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता टांग्यातून नाही तर बैलगाडीतून काढायचा. ते पाहुणे केव्हाच बंद झाले. मुंबई–भुसावळ लोहमार्ग मात्र गावाला चिकटून तसाच आहे आणि त्यावरून मालगाड्या रात्रंदिवस धडधडत असतात. रुळांलगतच्या घरातली माणसं गाडी आली की वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलू लागतात.

नांदगावच्या या आवाजाचा आणि वेरूळच्या त्या लेण्यांचा आणखी एक संबंध आहे. तो भांगेतून जातो.

2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. गिलाव्यात तंतू दिसत होते. ते कशाचे, हे ठरवायला त्यांनी जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या आसपासहून भांगेची झाडं आणून ताडून पाहिली. जुळली. चिखलात सुमारे दहा टक्के भांगेचा काडी-चोथा कालवून कारागिरांनी बेसॉल्टच्या भिंती लिंपल्या होत्या, आणि तो गिलावा सुमारे दीड हजार वर्षं तगला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचं किडीने बरंच नुकसान केलंय, अशी तुलनाही त्यांनी केली. (भिक्खूंच्या भिंतीत भांग म्हटल्यावर बातम्यांचे मथळे कसे झाले असतील, ते वेगळं सांगायला नको.)

त्या निबंधातलं एक विधान फार गाजलं: भांगेचा गिलावा हवेतून येणारा सुमारे 90 टक्के आवाज शोषतो, त्यामुळे लेण्यांत शांतता नांदत असे. हा आकडा मी जरा जपून वाचतो. संशोधन गिलाव्यातल्या तंतूंचं होतं, लेण्यातल्या आवाजाचं नव्हे. शिवाय पातळ लेप आवाजातली फक्त वरची पट्टी गिळतो. सेकंदाला 1000 कंपनांच्या आवाजाची लाट 34 सेंटिमीटर लांब असते, 100 कंपनांची जवळपास साडेतीन मीटर. एवढ्या लांब लाटेला बोटभर जाडीचा लेप जाणवतसुद्धा नाही. पण मूळ कल्पना खरी आहे, आणि ती किती खरी आहे हे कळायला जगाला 1895 सालापर्यंत थांबावं लागलं.

त्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधून झालं होतं आणि त्यात बोललेलं कोणालाच समजत नव्हतं. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायचं काम आलं. तो रात्री, रस्ते थंडावल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचा, पुन्हा मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र शाळेतल्या मुलालाही वापरता येईल इतकं सोपं आहे: खोलीचं घनफळ घ्या, 0.161 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. फरशी, सिमेंटचा गिलावा आणि वर स्लॅब अशी दहा बाय बाराची रिकामी खोली या सूत्रात घातली, तर आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. त्याच खोलीत गादी, पडदे आणि कपड्यांनी भरलेली दोरी आली की हिशेब अर्ध्या सेकंदावर येतो. गादीच्या कापसात, भांगेच्या चोथ्यात, शेणामातीच्या सच्छिद्र लेपात हवेचे कण घासत घासत आत शिरतात आणि आवाजाची उष्णता होते.

ही उष्णता किती? मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटते. साधं बोलताना आपल्या तोंडून निघणारी ध्वनिशक्ती सुमारे दहा मायक्रोवॅट असते. म्हणजे दहा लाख माणसं एका वेळी बोलू लागली, तर सगळ्यांची मिळून एका दहा वॅटच्या एलईडी दिव्याएवढी शक्ती होईल. इतकी क्षुल्लक गोष्ट अडवायला मोठमोठ्या भिंती कमी पडतात, कारण दुसऱ्या बाजूला कान आहे. ऐकू येण्याच्या सीमेवरच्या आवाजाने कानाचा पडदा एका अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो, आणि तरी मेंदूला कळतं की कोणीतरी कुजबुजतंय.

म्हणून शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. आपल्याकडे बांधकामाच्या गप्पांत या दोन्हींची कायम सरमिसळ होते. रेकॉर्डिंग स्टुडिओत असतो तसला फोम भिंतीवर चिकटवला की बाहेरची रेल्वे थांबेल, असं समजून पैसे घालवणारे पुष्कळ आहेत. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. भिंतीतून आरपार येणाऱ्या मालगाडीला तो काहीच करत नाही. ज्यातून फुंकर आरपार जाते, त्यातून आवाजही जातो.

अडवायला वजन लागतं. आवाजाची लाट भिंतीवर आदळते तेव्हा भिंत केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण खरोखर मागेपुढे हलते आणि पलीकडची हवा हलवते. रिकामी बैलगाडी एका धक्क्याने सरकते, पोत्यांनी भरलेली सरकत नाही, तसंच भिंतीचं. नियम असा की दर चौरस मीटरमागे भिंतीचं वजन दुप्पट केलं, की पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली चार इंची विटेची भिंत साधारण 45 डेसिबल अडवते, नऊ इंची साधारण 50. विटा दुप्पट, खोली तेवढी लहान आणि मिळकत पाच डेसिबलची. कंजूष वाटते, पण डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चालते: 50 डेसिबल अडले म्हणजे आवाजाच्या शक्तीचा लाखातला एकच भाग पलीकडे गेला.

नांदगाव, येवला, चाळीसगाव या पट्ट्यातलं जुनं धाब्याचं घर या कसोटीवर लावून पाहण्यासारखं आहे. मातीच्या भिंती हातभरापासून दोन फुटांपर्यंत जाड. वर लाकडी सरे, त्यांवर किलचन, त्यावर पाला नाही तर तुराट्या, मग चिखलाचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरून चोपून घ्यायची, म्हणजे पाणी आत उतरत नाही. दोन फुटी मातीच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला टनभर भरतं. वजनाच्या नियमाने ती पंचावन्नच्या आसपास डेसिबल अडवायला हवी. छताचा फूटभर चिखल चौरस मीटरला चारशे-साडेचारशे किलोचा, म्हणजे आजच्या पाच इंची स्लॅबपेक्षा जड. आणि तीच भिंत ऊनही अडवते, पण वेगळ्या युक्तीने. दुपारची उष्णता जाड मातीतून आत झिरपायला दहा-बारा तास घेते. ती पोहोचते तोवर मध्यरात्र झालेली असते आणि घरातली माणसं बाहेर ओट्यावर नाही तर धाब्यावर झोपलेली असतात. वीट भाजायला कोळसा नाही, सिमेंट नाही, आणि घर पडलं तर माती पुन्हा मातीत.

इथे या घरांच्या आठवणीने गहिवरायचा मोह होतो. त्याला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आडवी येते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या वजनाखाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाची, म्हणजे धाब्यासारख्याच छताची, टनावारी माती. जमीन हलली तशा भिंती फुगून बाहेर पडल्या आणि छत खाली आलं. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांच्या आसपास माती असते, हा हिशेब मांडला की लातूर-धाराशिवकडच्या माणसांना जड घराची भीती का बसली, ते कळतं. शांतता देणारं वजन आणि जीव घेणारं वजन एकच.

नंतर आलं हलकं बांधकाम. एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे अजून बरेच गवंडी सिपोरेक्सच म्हणतात, ही 1920 च्या दशकातली स्वीडिश करामत. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या रबडीत चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकतात. रासायनिक क्रियेने हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं, आणि वाफेच्या दाबाखाली ते पक्कं होतं. ब्लॉकमध्ये पदार्थ कमी आणि हवाच जास्त. घनमीटरला विटेचं वजन अठराशे-एकोणीसशे किलो, याचं सहाशेच्या आसपास. भूकंपाला हलकं, उन्हाला विटेपेक्षा कितीतरी पटींनी चांगलं, आणि औष्णिक वीज केंद्राची राख त्यात खपते. नाशिकजवळच्या एकलहऱ्यातून आणि भुसावळजवळच्या दीपनगरातून राखेचे डोंगर निघतात. ती ब्लॉकमध्ये गेली तर शेतातली सुपीक माती वीटभट्टीत जाणं तेवढं टळतं.

पण आवाज? चार इंची एएसी भिंत चाळीस डेसिबलच्या आतबाहेरच राहते. ज्या पोकळीने उष्णता अडवली, तिनेच भिंतीचं वजन काढून घेतलं. उष्णतेला पोकळी हवी, आवाजाला वजन हवं. निसर्गाने या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध बांधून ठेवल्या आहेत, आणि टिकाऊ घरांवरचं काही संशोधन हीच गाठ सोडवण्यात गुंतलेलं आहे. आपल्या नियमांत मात्र ती गाठ दिसतच नाही. 2018 ची ‘इको निवास संहिता’ घराच्या भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालते: चौरस मीटरला 15 वॅट. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे, पण मंजुरीच्या नकाशावर डेसिबलचा आकडा मी तरी कधी पाहिलेला नाही. घर थंड ठेवायला निघालेला बिल्डर त्याच भिंतीने ते गोंगाटाचं करू शकतो, आणि कागदोपत्री तो हिरवाच ठरतो.

नांदगावचाच हिशेब करू. रुळांच्या जवळ मालगाडी जाताना आवाज सहज 80 डेसिबलवर जातो. निवासी भागात रात्री बाहेर 45 डेसिबल असावेत असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. झोपायच्या खोलीत 30 असावेत असं जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सुचवलं होतं. 80 मधून 30 गेले, 50 उरले. म्हणजे नऊ इंची भिंत पुरते. कागदावर. आता त्या भिंतीत एक दार बसवा आणि दाराखाली नेहमीची एक सेंटिमीटरची फट राहू द्या. नव्वद सेंटिमीटर रुंद फटीचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या भिंतीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. पण भिंत लाखात एक भाग सोडते आणि फट आलं तेवढं सगळं सोडते. बेरीज केली की 50 डेसिबलची भिंत 30 वर येते. हजारो रुपयांची वीट एका सेंटिमीटरने हरवली. म्हणून सल्ला विचारणाऱ्याला मी आधी दाराखालची रबरी पट्टी आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट सांगतो, आणि भिंतीचा विषय त्यानंतर. खिडकी उघडी ठेवायची असेल तर भिंतीचा विषय काढूच नये. उघड्या खिडकीतून जेमतेम दहा-पंधरा डेसिबल कमी होतात.

वजन न वाढवता आवाज अडवायची एक वाट आहे: एका जड भिंतीऐवजी एकमेकींना न शिवणाऱ्या दोन हलक्या भिंती, मध्ये हवा आणि त्या हवेत काहीतरी पोकळ, तंतूंचं. इथे वेरूळचा भांगेचा चोथा पुन्हा कामाचा ठरतो. फ्रान्समध्ये 1980 च्या दशकापासून भांगेची काडी चुन्यात कालवून भिंती भरतात. भारतात उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवानगी दिली आहे. नांदगावला त्यासाठी भांगेची वाट पाहायचं कारण नाही. मुंबईच्या माटुंग्यातली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिला सगळे सिरकॉट म्हणतात, तिने कापसाच्या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र विकसित केलं आहे. वेचणी संपल्यावर हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या शेतात उरतात आणि बांधावर पेटवल्या जातात. बोर्ड जोडायला रासायनिक डिंक लागतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, हा त्यातला उणा भाग. पण जाळण्यापेक्षा भिंतीत घालणं शहाणपणाचं.

समजा, रुळांच्या बाजूच्या एएसी भिंतीपासून पाच सेंटिमीटर सोडून असा एक बारा मिलिमीटरचा बोर्ड उभा केला. जड भिंत, हलका बोर्ड आणि मधली हवा मिळून स्प्रिंगवर बसवलेल्या दोन वजनांची जोडी होते, आणि ती सेकंदाला सुमारे 100 कंपनांवर स्वतःच झुलायला लागते. त्या पट्टीतला आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. नेमकी ती मालगाडीच्या घुमाऱ्याची पट्टी! पोकळी दहा सेंटिमीटर केली आणि बोर्ड दुहेरी लावले, की हा झुला 50 च्या आसपास उतरतो आणि घुमाऱ्याचा बराचसा भाग अडतो. पोकळीत गव्हाचा कोरडा भुसा भरायचा, वाळवीसाठी त्यात चुना मिसळायचा, बोर्डाची चौकट भिंतीला कुठेही ठोकायची नाही, फक्त जमिनीला आणि छताला रबरावर टेकवायची. यात खोलीचे पाच इंच जातात, आणि रुळांकडच्या एकाच भिंतीसाठी ते घालवायला हरकत नाही.