विणकामाचा नमुना वाचावा कसा

आमच्या बीड जिल्ह्यास विणणें कांहीं नवें नाहीं. बालाघाटाच्या माळांवर मेंढ्या राखणारा धनगर टकळीवर लोकर कांतीत आला आहे, आणि त्या लोकरीचें घोंगडें मागावर विणलें गेलें आहे. परंतु मागावर उभे व आडवे असे दोन प्रकारचे धागे लागतात. सुयांवरील लोकरकामांत व क्रोशांत धागा एकच असतो. एका फांसांतून दुसरा फांस ओढून काढावयाचा, एवढेंच या दोन्ही कलांचें मर्म होय. लोकरकामांत ओळीचे सर्व फांस सुईवर उभे असतात, म्हणून एक गळाला कीं त्याखालचे टाके शिडीप्रमाणें उसवत जातात. क्रोशांत सुईच्या आंकड्यावर बहुधा एकच फांस शिल्लक राहतो. चूक झाली तर दोरा ओढून हवें तेथवर उसवितां येतें.

हें काम बहुतेक घरीं पाहून शिकलें जातें. आई विणते, मुलगी तिच्या हाताकडे पाहते, आणि थोड्याच दिवसांत तिचाही हात बसतो. ही रीत उत्तमच. तींत एक उणीव मात्र आहे. जी एक रुमाल पाहून शिकली, ती जन्मभर तोच रुमाल विणते. दुसरा हवा असल्यास दुसरी शिकविणारी शोधावी लागते. म्हणून विणकामाच्या वर्गांत टाक्यांबरोबर नमुना वाचावयासही शिकविलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

क्रोशाचा नमुना म्हणजे चिन्हांचा नकाशा होय. लंबगोल म्हणजे साखळी. फुली म्हणजे मुका खांब. उभ्या दांडीच्या माथ्यावर आडवी रेघ व मध्यें एक तिरकी रेघ असली, तर तो खांब. मुका खांब घालतांना आधीं सुईवर दोरा घेत नाहींत. खांबाकरितां एकदां घेतात. तिरकी रेघ ही त्या एका वेढ्याचीच खूण आहे. दोन रेघा दिसल्या कीं दोन वेढे घ्यावे. इंग्रजी शब्दांपेक्षां चिन्हें अधिक भरंवशाचीं. कारण अमेरिकेंत ज्यास ‘डबल क्रोशे’ म्हणतात त्यास इंग्लंडांत ‘ट्रेबल’ म्हणतात, आणि इंग्लंडचा ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब!

नमुन्यामागें गणितही असतें. खांबांचें वर्तुळ सपाट यावयाचें तर पहिल्या फेरींत १२, दुसरींत २४, तिसरींत ३६, अशी प्रत्येक फेरींत १२ खांबांची वाढ करावी. वाढ कमी पडली तर वाटी होते, अधिक झाली तर झालर उठते. या झालरीचाच उपयोग करून गणितज्ञ डायना टायमिना यांनीं १९९७ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत भूमितींतील एक अवघड वक्र पृष्ठभाग क्रोशानें विणून विद्यार्थ्यांच्या हातीं दिला.

लोकरीच्या स्वेटरासही हिशेब लागतो. पुस्तकांत ४ इंचांस २२ टाके सांगितले असतील, तर ३२ इंच घेरास १७६ टाके होतात. परंतु आपला हात सैल असून ४ इंचांत २० टाकेच बसत असतील, तर त्याच १७६ टाक्यांचा घेर ३५ इंचांहून अधिक भरेल. यास्तव आरंभीं एक लहान तुकडा विणून मोजावा. घटकाभराच्या आळसापायीं महिन्याची मेहनत वायां जाऊं नये.

इतक्या खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून घोर दुष्काळ पडला, तेव्हां मठांतील व्रतस्थ भगिनींनीं गरीब बायकांस क्रोशाची लेस शिकविली, आणि पुष्कळ घरांस त्या मिळकतीचा आधार झाला. आमच्या महाराष्ट्रांत १८९६-९७ च्या दुष्काळांतील अनाथ मुलींस पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं आश्रय दिला. त्यांनीं मुलींस नुसतें अन्न दिलें नाहीं, हाताला कामही शिकविलें.

आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें आजही दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीकरितां पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि शाळांतील कांहीं बांकें रिकामीं होतात. विणकामानें शाळेची जागा भरून निघत नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि वर्ग सोडून जाणाऱ्या मुलीस शिकविणारी बरोबर नेतां येत नाहीं. एक सुई, दोऱ्याचा एक गुंडा आणि घडी घातलेला नमुन्याचा कागद मात्र तिच्या पिशवींत सहज मावतो. तो वाचतां येत असेल, तर फडाशेजारच्या कोपींतही तिचा धडा चालूं राहील, आणि परत येईल तेव्हां दाखविण्यासारखें कांहीं तिच्या हातीं असेल.

ज्या भगिनींस नमुना वाचतां येतो, त्यांनीं येत्या सुटींत निदान एका मुलीस तरी तो वाचावयास शिकवावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.