लीड्सची खोली आणि शहाद्याचा जामीनदार

धडगावकडचं पोरगं अकरावीसाठी नंदुरबारला खोली शोधायला येतं, तेव्हा घरमालक आधी दोनच गोष्टी विचारतो. गाव कुठलं आणि मुलगा कोणाचा? उत्तरातून ओळखीचा एखादा गुरुजी, ग्रामसेवक नाहीतर लांबचा सोयरा निघतो, एक फोन होतो आणि महिन्याचं भाडं आगाऊ मोजून घेऊन मालक किल्ली देतो. भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, असं 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. पण एका खोलीसाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढतो कोण?

हेच पोरगं पुढे आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला, समजा लीड्सला, शिकायला निघालं, की तिथल्या घरमालकाच्या मनातही तेच प्रश्न असतात. हा कोण, भाडं देईल का, बुडवलं तर कोणाला धरायचं? तिथे गुरुजींचा फोन चालत नाही. प्रत्येक प्रश्नाला एकेक कागद लागतो आणि तो घरून निघण्याआधीच तयार असलेला बरा.

पहिला प्रश्न ओळखीचा. इंग्लंडमध्ये 2014 च्या इमिग्रेशन कायद्यानुसार भाडेकरूला त्या देशात राहण्याची परवानगी आहे का, हे घरमालकाला तपासावंच लागतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही तपासणी नाही. आता व्हिसा ऑनलाइन असतो. ब्रिटिश गृहखात्याच्या संकेतस्थळावर आपलं खातं उघडून तिथून नऊ अक्षर-अंकांचा ‘शेअर कोड’ काढायचा आणि जन्मतारखेसह मालकाला द्यायचा. भाड्यासाठीचा कोड ‘आर’ अक्षराने सुरू होतो, नोकरीसाठीचा ‘डब्ल्यू’ने. चुकीचा दिला तर पुन्हा काढावा लागतो. तो 90 दिवस चालतो.

या चौकशीचं वाईट वाटून घेऊ नये. उद्या एखादा परदेशी माणूस नंदुरबारात पैसे देऊन कोणाकडे राहिला, तर घरमालकाने 24 तासांत विदेशी नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवायचं असतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला ‘सी फॉर्म’ तो हाच.

आता पैसे. इथे हिशेबाची एक मेख आहे. तिकडे विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं बऱ्याचदा आठवड्याचं सांगतात. आठवड्याला 150 पौंड म्हटले की आपण चारने गुणतो, 600 म्हणतो आणि खूश होतो. पण वर्षात आठवडे 52 असतात. 150 गुणिले 52 म्हणजे 7,800, त्याला बाराने भागा, महिन्याला 650 पौंड पडले. वर्षाकाठी 600 पौंडांचा फरक! शिवाय भाड्यात वीज, गॅस, पाणी, इंटरनेट धरलंय की नाही, हे विचारल्याशिवाय दोन खोल्यांची तुलना करू नये. तिकडच्या थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च थोडाथोडका नसतो.

डिपॉझिटच्या बाबतीत मात्र इंग्लंडचा कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. 2019 च्या टेनंट फीज कायद्याप्रमाणे, वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. आपल्या उदाहरणात ते 750 पौंड झालं. खोली राखून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं घेता येतं. दलाली भाडेकरूकडून घेताच येत नाही. पुण्यात एजंटला महिन्याचं भाडं मोजून आलेल्याला हे ऐकून हेवा वाटेल.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाला येते. पतसंस्थेच्या कर्जाला लागतो तसा इथेही जामीनदार मागतात आणि तो ब्रिटनमध्ये राहणारा, तिथे कमावणारा हवा असतो. शहाद्याच्या काकांची वीस एकर पपई असेल, ऊस कारखान्याला जात असेल, सातबारा कोरा असेल. लीड्सच्या एजंटच्या लेखी त्याचं मोल शून्य, कारण भाडं थकलं तर तो शहाद्यात येऊन दावा लावणार नाही. म्हणून पूर्वी परदेशी विद्यार्थ्याकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची रीत पडली होती. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता हप्त्याने येतो, त्यामुळे अशा पोरांची तिथेच कोंडी व्हायची. 2025 च्या रेंटर्स राइट्स कायद्याने हे बदललं. 1 मे 2026 पासून इंग्लंडमधल्या खासगी घरांसाठी एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. विद्यापीठाच्या वसतिगृहांना आणि विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या, ठरलेल्या नियमावलीत नोंदलेल्या खासगी इमारतींना मात्र हे लागू नाही.

जामीनदार नसेल तर काही विद्यापीठं स्वतः जामीन राहतात. प्रवेश पक्का होताच त्यांच्या निवास विभागाला तसं ईमेलने विचारावं. फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्याही आहेत, पण ती फी परत मिळत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी विद्यापीठाचंच वसतिगृह घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. तिथे सहसा जामीनदार मागत नाहीत आणि फसवणुकीची भीतीही कमी.

फसवणूक होते, आणि ती बहुतेक एकाच पद्धतीने होते. सुंदर फोटो, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि किल्ली कुरिअरने येणार म्हणून आधी पैसे पाठवा. खोली स्वतः किंवा तिथल्या भरवशाच्या माणसाने पाहिल्याशिवाय छदामही पाठवू नये.

चौघांनी मिळून घर घेतलं तर करार एकत्र आहे की ज्याचा त्याचा वेगळा, हे आधी वाचा. एकत्र करारात एकाने भाडं थकवलं की मालक उरलेल्या तिघांकडून ते वसूल करू शकतो. मैत्री कितीही जुनी असो, कलम तेच राहतं.

खोलीत सामान लावण्याआधी फोटो काढा. गालिच्यावरचा इस्त्रीचा डाग, खिडकीच्या चौकटीवरची काळी बुरशी, गादीची खालची बाजू, सगळं तारखेसह, आणि त्याच दिवशी एजंटला ईमेलने पाठवा. ही बुरशी पुढे भांडणाचं मूळ होते, कारण थंडीत खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळत घातले की ती वाढते. दुसरं भांडण फोडणीवरून. तेलात मोहरी-मिरची पडली की छतावरचा धुराचा गजर कोकलू लागतो. त्यावर पिशवी बांधायचा मोह होतो, पण ती बांधू नये. आग लागली तर तोच जीव वाचवतो. पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या.

सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो. विद्यापीठाचं पत्र नगरपालिकेला दिलं की झालं.

डिपॉझिट मालकाला नुसतं खिशात टाकता येत नाही. ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करून त्याचे तपशील भाडेकरूला द्यावे लागतात. नाहीतर न्यायालय मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं. घर सोडताना मालक कापून घेतो म्हणाला, तर योजनेकडे फुकटात तक्रार करता येते, आणि नुकसान झालं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. नेहमीच्या वापराची झीज त्यात धरत नाहीत. रक्कम ठरल्यावर 10 दिवसांत पैसे खात्यात येतात. त्यामुळे परतीचं तिकीट काढलं तरी तिकडचं बँक खातं डिपॉझिट जमा होईपर्यंत बंद करू नका.