घर बंद करताना गॅसची टाकी

दिवाळी सरली की माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या चढतात आणि दाराला कुलूप लागते. ते निघते हंगाम संपल्यावरच. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या अशा घरांत गॅसची लाल टाकी आली. ऊसतोडीच्या कोपीवर बहुतेक चूलच पेटते. टाकी मागे राहिली, तर महिनोन्‌महिने बंद खोलीत असते.

टाकीतला वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. दाब देऊन द्रवरूपात भरलेला हा वायू बाहेर पडला की सुमारे २५० पट फुगतो. शिवाय तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. माळवदाच्या घराला धुरासाठी वर झरोका असतो. चुलीला तो ठीक. गॅस मात्र तिकडे जातच नाही. तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याआड साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले, तरी एक ठिणगी पुरे होते. म्हणून जिथे टाकी ठेवायची तिथे भिंतीला खाली, जमिनीलगत जाळीचे भोक हवे.

कुलूप लावण्यापूर्वी नुसते शेगडीचे बटण बंद करून भागत नाही. बंद घरात उंदीर रबरी नळी कुरतडतात. रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचे टोपण घट्ट बसवावे. हे टोपण टाकीलाच दोरीने बांधलेले येते; अनेक घरांत ते पहिल्याच दिवशी तोडून टाकतात! टाकी उभीच ठेवावी, आडवी नाही. तिच्याशेजारी कडबा, गोवऱ्या किंवा वेचून आणलेला कापूस नको. संपलेल्या टाकीतही थोडा गॅस उरतो, त्यामुळे तिलाही हेच लागू.

टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. ‘बी २७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत चाचणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी घेऊच नये.

लग्नकार्यात तर मांडवामागे टाक्यांची रांगच लागते. १०० किलोपर्यंतचा साठा विनापरवाना चालतो. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. सहावी आली की नियम मोडला.

परतल्यावर दार उघडताच नाकाला उग्र वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, काडी ओढू नये. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणूनच तो मुद्दाम मिसळलेला असतो. दारे-खिडक्या सताड उघडून सगळ्यांनी बाहेर यावे, मुलांना दूर न्यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा फोनही घरापासून लांब जाऊनच लावावा.