वीट पाडणाऱ्याचं घर

आमच्या विठ्ठलवाडीत विठ्ठलापेक्षा विटा जास्त. स्टेशनातून पूर्वेला उतरा की पश्चिमेला, कुठली तरी इमारत उठत असते, रस्त्याच्या कडेला लाल ढीग पडलेला असतो आणि त्यावर शेळ्या उभ्या असतात. कमरेवर हात ठेवून नव्हे, आरामात. हे ढीग येतात कुठून, याचा विचार मी वीस वर्षं केला नव्हता. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला कामानिमित्त फिरायला लागल्यावर कळलं, की पत्ता फार लांबचा नाही. वांगणीकडे जाताना, मुरबाडच्या रस्त्याला, पलीकडे भिवंडीकडे वीटभट्ट्या आहेत, आणि तिथे माती मळून साच्यातून विटा पाडणारी बरीचशी कुटुंबं कातकरी असतात.

दिवाळी झाली की टेम्पो पाड्यावर येतो. त्याआधीच, पावसाळ्यात घरात दाणा नसताना, भट्टीच्या शेठनं उचल दिलेली असते. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं टेम्पोत चढतं आणि मे अखेरपर्यंत पाडा रिकामा. मजुरी हजारामागे. एका जोडप्याच्या हातून, पोरांनी विटा उलटवायला मदत केली तर, दिवसाला हजाराच्या आसपास कच्ची वीट पडते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, आणि उचल फिटली नसेल तर ती पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना 1982 पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या मातीत वेठबिगारांच्या प्रश्नावर उभी राहिली. तरीही टेम्पो येतोच.

आता थोडं गणित करू. सरकारी घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं. नऊ इंची भिंत धरली आणि दारं-खिडक्या वजा केल्या, तर माझ्या हिशेबानं सहा-सात हजार विटा लागतात. म्हणजे जे जोडपं भट्टीवर राबतं, ते आपल्या घरापुरत्या विटा एका आठवड्यात पाडतं. हंगामात वीसेक घरांच्या. आणि स्वतः राहतं कारवीच्या कुडात, वरून शेणमातीचा गिलावा, त्याच्यावर निळं प्लॅस्टिक.

याचं उत्तर म्हणून लोक चटकन ‘गरिबी’ म्हणतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. गरिबी आहेच, पण ज्या उल्हासनगरच्या कडेला मी राहतो त्याच शहरानं मला वेगळा धडा दिलाय.

उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याणची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी इथे दोन हजारांवर बराकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्याच बराकींत आणून ठेवलं. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाट नाहीतर साडी टांगून केलेली भिंत. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. या गोष्टीत सिंधी माणसाची चिकाटी सगळे सांगतात, आणि ती खरीच आहे. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. 1954 साली विस्थापितांना नुकसानभरपाई आणि पुनर्वसन देणारा कायदा झाला आणि त्याखाली बराकीतल्या खोल्या, प्लॉट लोकांच्या नावावर होऊ लागले. इकडे आजही त्या कागदाला ‘सनद’ म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या कपाटात ती देवाच्या फोटोखाली ठेवलेली असते. सनद हातात आल्यावर माणूस भिंत पक्की करतो, तारण ठेवून धंद्याला पैसे काढतो, मुलाला वाटणी देतो. पुढे उल्हासनगरात जे अनधिकृत मजल्यांचं रान माजलं आणि 2021 च्या मे महिन्यात स्लॅब कोसळून माणसं मेली, तो वेगळा आणि कडू विषय. पण सुरुवात जमिनीच्या कागदानं झाली.

तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कातकरी वाडीला तो कागद मिळाला नाही. ही माणसं मूळची खैराचा कात पाडणारी, जंगलात फिरती. जंगलखात्यानं बंदोबस्त वाढवला, कात बंद झाला, मग ती गावाच्या कडेला, खोताच्या नाहीतर सावकाराच्या जमिनीवर त्याची शेती करायला वसली. पिढ्या गेल्या, पण गावठाणाची रेघ वाडीपर्यंत आलीच नाही. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, झोपडी कातकऱ्याची. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग बदलापूर-कर्जत पट्ट्यात फार्महाऊस आणि सेकंड होमचं पीक आलं, आणि एके दिवशी वाडीच्या बाजूनं तारेचं कुंपण पडलं. रायगड-ठाण्यातल्या या निष्कासनाबद्दल डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे पुस्तकच लिहिलंय.

गंमत अशी, की कायदा कातकऱ्यांच्या बाजूनं आहे. 1948 च्या कुळकायद्याची कलमं 16 ते 18 सांगतात, की जमीनमालकाच्या जागेवर कुळानं, शेतमजुरानं किंवा गावातल्या कारागिरानं आपल्या खर्चानं घर बांधलं असेल तर त्याला तिथून सहजासहजी हुसकता येत नाही आणि ती जागा विकायची झाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. जमीन महसूल संहितेचं कलम 122 जिल्हाधिकाऱ्याला गावठाणाची हद्द ठरवायचा, म्हणजे वाढवायचाही अधिकार देतं. कायदे पंच्याहत्तर-साठ वर्षांचे झाले. वापरायला मात्र कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणारा नोव्हेंबर ते मे भट्टीवर असतो.

आता घरकुलाकडे येऊ. 1985-86 साली इंदिरा आवास योजना सुरू झाली, 2016 साली तिची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. सपाटीवर घराला 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, केंद्र आणि राज्याचा वाटा 60:40. शिवाय रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. महाराष्ट्रात याखेरीज अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, 2023 पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. एवढी नावं आहेत की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मावत नाहीत. 2025 साली राज्यानं आणखी 50 हजारांची भर जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. पाच ब्रास वाळूही फुकट, म्हणजे वाहतुकीला गाडी मिळाली तर. मूळच्या 1 लाख 20 हजाराला 269 चौरस फूट म्हणजे फुटाला साडेचारशेच्या आत. कुठल्याही गवंड्याला हा दर सांगून बघा, आधी तो हसेल, मग चहा मागेल.

कातकऱ्यांसाठी खरी हालचाल झाली ती 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेनं. अतिअसुरक्षित मानल्या गेलेल्या आदिम जमातींसाठी ही योजना. आपल्याकडे त्यात तीन जमाती येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घराला 2 लाख. पण पुन्हा तोच प्रश्न, बांधायचं कुठे? आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक खातं एक वेळ शिबिरात होतं. जागेचा उतारा शिबिरात होत नाही.

त्यावरही योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य. 500 चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला आधी 50 हजार मिळत, आता 1 लाखापर्यंत. यात आणखी एक खोच होती: 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं इतकी छोटी जागा खरेदीखतानं घेताच येत नव्हती. अलीकडे घरकुल लाभार्थ्यांसाठी 1000 चौरस फुटांपर्यंत वाट मोकळी झाली. मात्र बदलापूरच्या पट्ट्यात, जिथे गुंठ्याच्या जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात, तिथे लाखभरात मालक जागा विकायला का बसेल?

जगात यावर काय काय केलंय ते बघितलं तर इंग्लंडची एक युक्ती मला आवडते. तिथे खेड्याच्या हद्दीबाहेर घर बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. पण स्थानिक गरजूंसाठी कायम परवडणारी घरं बांधायची असतील, तर हद्दीलगतच्या छोट्या तुकड्याला अपवाद करतात. इतर बांधकाम होणार नाही म्हणून जमीन स्वस्त पडते, आणि घरं पुढेही बाजारात चढ्या भावानं जाऊ देत नाहीत. आपल्या गावठाणवाढीशी याचं नातं सख्ख्या भावाचं आहे, फक्त आपला भाऊ फायलीत झोपलाय. केरळनं 2017 पासून लाइफ मिशनमध्ये घराला 4 लाखांपर्यंत मदत ठेवली, आणि भूमिहीनांसाठी लोकांकडून जमीन दान मागायची मोहीमही काढली.

जागा मिळाली तरी घर आयतं बांधून द्यायचं की माणसाला बांधू द्यायचं, हा वाद उरतोच. तो महाराष्ट्रानं 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर अंगावर घेतलाय. 52 गावं नव्या जागी हलवली, चौकोनी रस्ते आखून, जमीनधारणेप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली. जिथे लोकांनी आपली पडकी घरं आपल्या देखरेखीखाली दुरुस्त केली, तिथे गाव गावासारखं राहिलं, असं माझं मत.

म्हणून घरकुलात लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, हे तत्त्व मला मान्य आहे. पैसे टप्प्यानं येतात: मंजुरीला, जोत्याला, पुढे भिंती वर आल्यावर, शेवटी काम पुरं झाल्यावर. प्रत्येक टप्प्याला कुणीतरी मोबाइल घेऊन येतो, घराचा फोटो काढतो, जागेच्या खुणेसह वर पाठवतो, मग पुढचा हप्ता. फोटोत लाभार्थी हवा. पावसात बांधकाम होत नाही, ते दिवाळीनंतरच. आणि दिवाळीनंतर लाभार्थी भट्टीवर.

मागच्या दिवाळीत मी एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या एका बाईचं घर जोत्यापर्यंत आलं होतं. काळ्या दगडाचं, गुडघाभर उंच, मध्ये पावसात उगवलेली टाकळ्याची भाजी वाळून गेलेली. शेजारच्या कुडातून धूर येत होता. मी म्हटलं, “आता पुढचा हप्ता आला की भिंती.” ती जोत्यावर बसून टोपल्यात भांडी भरत होती, टेम्पो संध्याकाळी येणार होता.

“हप्त्यासाठी थांबलं तर उचल कोण फेडणार, दादा? फोटोला सासू उभी राहील. चालंल ना सासू?”

चालतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

“मी शेठला सांगितलंय,” ती म्हणाली, “या साली थोडी उचल पैशात नको, विटांत दे. भाजताना वाकड्या झालेल्या असतील तरी चालतील.”

“काय म्हणाला?”

“हसला.” तिनं पातेल्यात पातेलं घातलं, वर तवा ठेवला आणि टोपलं साडीच्या तुकड्यानं बांधून टाकलं.